मोबाईलच्या नेटवर व्हीपीएन काऊन अडकते
दर्यापूरकडं आमच्या गावात फायबर काही आलं नाही, म्हणून पुण्याच्या कंपनीचं सगळं काम हॉटस्पॉटवर चालते, अन् एका सिमवर ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कात जायाचा बंद रस्ता) लागतच नाही, व्हिडिओ मस्त धावते पण व्हीपीएन कनेक्टिंगवरच फिरत रायते. कस्टमर केअर म्हणते फोन रिस्टार्ट करा. करून पायला बाप्पा!

भानगड अशी का व्हीपीएनचे प्रकार लय, त्यातलं वायरगार्ड यूडीपीवर (डेटा पाठवाची एक पद्धत) चालते, बहुतेक ठिकाणी पोर्ट (डेटा जायाचा नंबरवाला दरवाजा) ५१८२०, ओपनव्हीपीएनचा नेहमीचा ११९४, आयपीसेकले ५०० अन् ४५०० लागते. सिमवाल्यानं हे पोर्ट अडवले का खेळ खलास. मंग ओपनव्हीपीएन टीसीपी (डेटा पाठवाची दुसरी पद्धत) पोर्ट ४४३ वर टाकाचं (सर्व्हर ऑफिसचा असन तर आयटीवाल्याच्या मागं लागा लागते), तो पोर्ट एचटीटीपीएसचा, म्हणजे सुरक्षित वेबसाइटचा, तो बंद केला तर बँकेची साइटही बंद पडन. स्पीड मार खाते, अन् सिमवाल्यानं डीपीआय (डेटा आतून तपासाची यंत्रणा) लावलं असन तर हेही पकडल्या जाते.

पण दरवेळी ब्लॉकच असते असं नाही. कनेक्ट होते पण पेज उघडत नाही? व्हीपीएनच्या सेटिंगमधी एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा जास्तीत जास्त आकार) १२८० करून पाहा, लय जणाचं त्यातच भागते.

अन् व्हीपीएन बेकायदा आहे म्हणणारे गावोगाव भेटते. देशभर तशी बंदी नाही, २०२२ चा सर्ट-इनचा (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) आदेश व्हीपीएन विकणाऱ्यांनी ग्राहकांच्या नोंदी ५ वर्षं ठेवाच्या म्हणून होता, कंपन्यांच्या आतल्या व्हीपीएनले तो लागू नाही.

सध्या मी ४४३ वरच आहो, मीटिंगले दुसरं सिम टाकतो.