ब्रॅकिऑप्स : अखेर तोंड उघडले

ब्रॅकिऑप्स या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या नामशेष उभयचर प्राण्याचे मॉडेल मी घडवतो आहे. त्याचा जबडा काही केल्या उघडत नव्हता, आणि गेल्या नोंदीत मी तिथेच अडलो होतो. तो परवा रात्री अखेर उघडला. खरे तर खालचा जबडा जागचा हललाच नाही. कवटी वर उचलली गेली आणि कोडे तिथेच सुटले.

नागपूरच्या दक्षिणेला मांगली येथे हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांना मिळालेला जो नमुना रिचर्ड ओवेनने 1855 मध्ये ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स या नावाने वर्णिला, ती नुसती कवटी आहे. त्यामुळे खालचा जबडा मला अमेरिकेत ॲरिझोनातील मोएनकोपी या खडकांच्या थरांत सापडलेल्या हॅड्रोकोसॉरसकडून, म्हणजे त्याच कुळातल्या एका उभयचराकडून, प्रमाण कमी करून, उसना घ्यावा लागला. या कुळात सांध्याच्या मागे जबड्याचा लांब दांडा निघतो. मी हनुवटी खाली पाडू लागलो की तो दांडा वर येऊन मानेच्या तारांना अडत असे. तीन आठवडे मी तोच दांडा कानशीने घासत राहिलो, म्हणजे ज्या हाडाला पुरावा आहे तेच खोटे ठरवत होतो.

परवा सहज मॉडेल टेबलावर पोटावर टेकवले आणि लक्षात आले की, तळाशी पडून राहणाऱ्या प्राण्याची हनुवटी खाली जायला जागाच नसते. कवटीचा मागचा भाग आणि तो दांडा यांना जोडणारा स्नायू आखडला की, जबडा जमिनीवर टेकलेला असताना मुस्कटच वर उचलले जाते. जीवाश्मतज्ज्ञांनी हा विचार मांडलेला मी वाचला होता, पण हातात सांधा फिरल्यावर झालेला आनंद निराळाच होता!

दांडा आता पूर्ण लांबीचा, एपॉक्सी पुट्टीत नव्याने घडवला आहे. शाडूचा पहिला जबडा वाळताना आकसला आणि सांधा ढिला झाला. गणपतीसाठी शाडू उत्तम, पण जिथे मापाला माप जुळायला हवे तिथे ती वापरू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

बंद तोंडाचे, भिंतीवर टांगण्याचे मॉडेल करण्याचा बेत मी सोडला आहे. आता कवटी उचललेला, नदीच्या गाळात दबा धरून बसलेला प्राणी करीन. हे लिहीत असतानाच सुचले, की डावी बाजू कातडीने झाकून उजवीकडे हाड उघडे ठेवावे, म्हणजे पाण्यातील हालचाल टिपणाऱ्या संवेदी रेषांच्या खोबणीही दिसतील. त्यासाठी उजव्या गालावरची चढवलेली पुट्टी उद्या खरवडून काढणार आहे.