आमची वाटचाल: गवंड्याच्या हातात राहणारी इमारत

ग्रामीण भागासाठी शाश्वत इमारतींचे आराखडे करणारी आमची छोटी फर्म एका अटीवर उभी राहिली: आम्ही आखलेली इमारत गावातल्या गवंड्याला आमच्याशिवाय दुरुस्त करता आली पाहिजे. कागदावर सोपी वाटणारी ही अट पुढे साहित्यापासून छपरापर्यंतचे जवळजवळ सगळे निर्णय ठरवत गेली.

सुरुवातीची कामे शाळेच्या खोल्यांची होती आणि तिथे आम्ही दाबून केलेल्या मातीच्या ठोकळ्यांची निवड केली. त्यांना कोणतीही माती चालत नाही. वाळू भरपूर आणि चिकणमाती माफक असावी लागते, कारण चिकणमाती वाढली की ठोकळा वाळताना आक्रसतो व तडकतो. म्हणून बाटलीत माती आणि पाणी ढवळून थर बसू देण्याची साधी चाचणी आम्ही जागेवर, गवंड्यांच्या समोर करतो. प्रयोगशाळेचा अहवाल नंतर येतो, पण विश्वास बसतो तो या बाटलीमुळे. मातीत साधारण ५ ते ८ टक्के सिमेंट मिसळून, यंत्रात दाबून आणि काही आठवडे ओले ठेवून ठोकळे तयार होतात. भट्टी लागत नसल्याने इंधन वाचते आणि माती जवळचीच असल्यास वाहतूकही.

छपराच्या बाबतीत आमच्यावर मोठा प्रभाव पडला तो पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशातल्या गांदो गावच्या शाळेचा. वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी २००१ मध्ये पूर्ण केलेल्या या शाळेत पत्र्याचे छप्पर मातीच्या छतापासून वर उचललेले आहे, त्यामुळे तापलेली हवा मधल्या पोकळीतून निघून जाते. लांब वळचण भिंतींना पाऊस आणि ऊन या दोन्हींपासून वाचवते. शिवाय छप्पर पेलणाऱ्या कैच्या (त्रिकोणी सांगाडे) साध्या सळयांच्या असल्याने त्या उभारायला क्रेनची गरज पडली नाही. आमच्या दृष्टीने त्या इमारतीचे खरे शहाणपण यातच आहे.

मातीचा हट्ट मात्र आम्ही धरत नाही. जोते दगडाचे, स्नानगृहाच्या भिंती भाजलेल्या विटांच्या आणि ओल चढू नये म्हणून जोत्यावर जलरोधक थर, एवढे कमी-जास्त करायला आम्ही आनंदाने तयार असतो. पाहुण्यांना गिलावा न केलेली भिंत फार आवडते. वापरणाऱ्यांना बहुधा चुन्याचा हात दिलेली आवडते, आणि तो देऊ नका असे आम्ही कधीच सांगत नाही. बॅटरी बदलायला जवळपास कोणी नसेल, तर सौर यंत्रणाही आम्ही आराखड्यात घालत नाही.

आता प्रत्येक कामाच्या शुल्कात गवंड्यांचे प्रशिक्षण आणि पहिल्या पावसाळ्यानंतरची पाहणी धरलेली असते. त्यामुळे आम्ही वर्षाला मोजकीच कामे घेतो.