घरात माणसं किती?

आंबेवाल्याशी खोटं बोलले. गोष्ट एवढीच, पण रायवळ आंब्याची रेषा दातात अडकावी तशी ती पाच दिवस अडकून बसली आहे. जीभ सारखी तिथेच जाते. म्हणून आज लिहून काढते.

कोपऱ्यावर निळी ताडपत्री बांधून रत्नागिरीकडचे एक गृहस्थ बसतात. मी नुसता भाव विचारायला थांबले होते, खरंच. एका हातात कोथिंबीर, दुसऱ्या हातात कागदांची ती प्लास्टिकची पिशवी, जी मार्चपासून मला चिकटलीच आहे. भाव सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, "ताई, घरात माणसं किती?" त्यांचा हिशेब सरळ होता. किती तयार द्यायचे, किती कच्चे, कधीपर्यंत पुरवायचे. मी तोंड उघडलं आणि आतून आलं, "चार."

जरासुद्धा अडखळले नाही.

"मग ही चार डझनाची न्या. वरचा थर दोन दिवसांत होईल, खालचा आठवड्याने." डझनाला सातशे. मी घासाघीस केली, पन्नास कमी करून घेतले, चार माणसांच्या घरातली बाई करेल तशीच. पेटी रिक्षात चढवली. खाली वॉचमन म्हणाला, "पाहुणे येणार का मॅडम?" मी म्हटलं, बघू.

हा प्रश्न काही पहिल्यांदा आलेला नाही. या उन्हाळ्यात दुसरं कुणी काही विचारतच नाही. अकरा महिन्यांचा करार करताना विचारलं, पोलीस पडताळणीच्या फॉर्मात विचारलं, सोसायटीच्या रजिस्टरमध्ये विचारलं, गॅसवाल्यांनी विचारलं, धुण्याभांड्याच्या बाईंनी तर पगार ठरवायच्या आधी विचारलं आणि उत्तर ऐकून त्यांचा चेहरा उजळला. सगळीकडे मी १ लिहिला आहे. हात अजिबात थरथरला नाही. फॉर्मपुढे लाज कसली? तो मान वर करून बघत नाही. या माणसाने वर बघितलं, त्याचीच गडबड झाली असावी.

पण चार का? 'दोन' म्हणता आलं असतं. दोनात मला निदान सव्वीस वर्षांचा सराव आहे.

काल रात्री पंखा गरगरत होता (पाचवर ठेवला तरी तीनवरच फिरतो, मालकांना चार वेळा सांगून झालं) आणि मी अंथरुणात पडून हिशेब करत होते. लग्न होऊन आले तेव्हा त्या घरात आम्ही पाच. वन्सं सासरी गेल्या, चार, पण तेव्हा लेक पोटात होती, म्हणजे साडेचार. मग पाच. चिरंजीव आले, सहा. नाना गेले, पाच. सासूबाई गेल्या तो श्रावण, आणि लेक हैदराबादला गेली तो पुढचा जून. म्हणजे आम्ही नीट मोजून चार होतो ते जेमतेम दहा महिने, आणि त्यातले दोन तर मी आणि तो धड बोलतही नव्हतो. त्या दहा महिन्यांसाठी माझा जीव एवढा तुटत असेल? वाटत नाही.

दापोलीला मात्र आम्ही चारच. आई, बाबा, दादा, मी.

हे सापडल्यावर मला फार बरं वाटलं, डोळे बिळे भरून आले. मग वाटलं, छे, एवढं खोल काही नसेल. समोर चार डझनाची पेटी होती, आकडा तोंडात आला. तरीही झोप लागली नाही.

पेटी उघडून आढी लावली. माळा नाही, भाताचा पेंढा नाही. पेटीत होतं तेवढं गवत पलंगाखाली वर्तमानपत्रावर पसरलं आणि एकाला एक न चिकटता आंबे मांडले. आता रोज सकाळी चहाच्या आधी मोबाइलची बॅटरी लावून गुडघ्यांवर बसते. बाबा आढीतला आंबा कधी दाबायचे नाहीत, दाबला की तिथे काळा पडतो म्हणायचे. उचलायचे, देठापाशी हुंगायचे, डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि आईच्या हातात द्यायचे किंवा होता तिथेच ठेवायचे. बोलायचे काही नाहीत. मी हुंगते तेव्हा तसेच डोळे मिटतात. मी मिटत नाही, आपोआप मिटतात. खोलीभर वास आहे. रात्री दोनला जाग येते तेव्हा पहिल्यांदा वास कळतो, मग आपण कुठे आहोत ते.

उन्हाचं काय सांगू. दुपारी तीनला गार पाण्याचा नळ सोडला तरी चहा होईल असं पाणी येतं. गुरुवारी तेही नसतं. बादल्या भरून ठेवायच्या, पण या घरात बादल्या दोनच आहेत, बाकीच्या तिकडे राहिल्या. मोठा फ्रीजही तिकडे. कढीपत्त्याचं झाडही तिकडे, त्याला पाणी कोण घालतं मला माहीत नाही. जाऊ दे.

परवा रात्री कापलेल्या आंब्यात साका निघाला. वरून काय देखणा होता! केशरी, खांद्यावर सुरकुती, वास अगदी ठीक. कापला तर कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबूस. साक्याचं हेच आहे, बाहेरून कळत नाही. बाबा म्हणायचे, उन्हाची झळ जमिनीवरून उलटून फळाला लागते, म्हणून काढलेला आंबा तापल्या कातळावर ठेवायचा नाही, लगेच गवतावर घ्यायचा. ते कृषी विद्यापीठात होते, त्यामुळे आमच्याकडे साका हा जेवणाच्या पाटावरचा विषय. विद्यापीठाने १९८१ मध्ये रत्ना आणला, नीलम आणि हापूसचा संकर, त्यात साका धरत नाही. बाबांनी हौसेने दोन कलमं लावली. आई दरवर्षी एक फोड खायची आणि म्हणायची, "साका नाही हो, पण हापूसही नाही." बाबा दुखावायचे. मग आतून हापूस आणून स्वतःच कापायचे.

तर तो साका बघून मी ओट्यापाशी उभी राहून रडले. आंब्यासाठी. पन्नाशीच्या बाईने. सगळं आलं त्यात, लेकीचं "तू इकडेच ये ना आई", ते बँकेतलं जॉइंट खातं, आणि चार, चार, चार. एकटीने चार डझन आंबे आणणाऱ्या बाईला साकाच निघणार, असंही काहीतरी मनात आलं. चांगली दहा मिनिटं रडले असेन. मग नाक पुसायला हात वर केला तर कोपरापर्यंत रस ओघळलेला. रडता रडता साका नसलेली दोन्ही बाजूंची फोड मी खाऊन टाकली होती. कोय चोखायचीच बाकी होती. ती चोखली.

काल वरचा थर सगळा एकदम तयार झाला. सकाळी एक, दुपारी रस, त्यात साजूक तूप, रात्री परत एक. सगळे माझ्याच्याने कसे संपणार? जिन्याखालच्या इस्त्रीवाल्यांना चार दिले, वॉचमनला चार. त्याने "पाहुणे आले नाहीत का?" विचारलं नाही, त्याबद्दल त्याला एक जास्त दिला. खालच्या मजल्यावरचा पोरगा दारातच उभा होता.

"काकू, तुमच्याकडे पार्टी आहे का? जिन्यात वास येतो."

"पार्टी नाही रे. आंबे जास्त आणले."

"का?"

"चुकून."

त्याने माझ्या दाराबाहेर बघितलं. "तुमच्याकडे तर एकच चप्पल असते." मग सहा आंबे शर्टाच्या ओच्यात घेऊन दाणदाण उतरला.

रात्री त्याच्या आईने पातेलं पाठवलं. त्यात साबुदाण्याच्या पापड्या, यंदाच्या, गच्चीत वाळवलेल्या, अजून उन्हाचा वास असलेल्या. म्हणजे मी गच्चीत कपडे वाळत घालायला जाते तेव्हा ज्या साडीला पाय लागू नये म्हणून कडेकडेने चालते, ती साडी यांची. तीन पापड्या तळल्या. तेलात पडली की कशी एकदम फुलते आणि पांढरी होते! चौथीही तळली. आंबा, पापडी, आंबा, पापडी, असं जेवण कुठल्याही भरल्या घरात कुणी करू दिलं नसतं.

आज संध्याकाळी मुद्दाम कोपऱ्यावरून आले. मनाशी ठरवलं होतं, सहज बोलता बोलता सांगून टाकायचं की बाबा रे, मी एकटीच असते. त्याला काय फरक पडणार होता? मलाच पडला असता.

त्यांनी ओळखलं. "आवडले का घरच्यांना?"

"एकात साका होता."

"एकातच ना?" असं म्हणत त्यांनी एक आंबा काढून पिशवीत टाकला. "चौघांत चार डझन जरा जास्तच होतात हो ताई. पुढच्या खेपेला दोन न्या. पायरी येतेय उद्या. रसाला पायरीच."

आत्ता सांगायचं, एवढंच की, असं वाक्य जुळवलंसुद्धा होतं मी.

"घरी विचारून सांगते," म्हणाले.

"विचारा, विचारा. पण उद्याच काय ते. वळवाची सर आली की मी ताडपत्री गुंडाळतो."