उधाण साधलं तरच आकडा: सॉल्टमार्श स्पॅरोची हिवाळी मोजणी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या खाजणात हिवाळ्यात सॉल्टमार्श स्पॅरो हा छोटा पक्षी मोजायचा तर आधी अमावास्या-पौर्णिमा बघायची. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत तो गवताच्या बुडाशी उंदरासारखा पळतो, पायाखाली येईपर्यंत उडत नाही, आणि उडालाच तर थोड्याच अंतरावर पुन्हा गवतात बुडी मारतो. उधाणाला मात्र खालचं गवत बुडतं आणि सगळे पक्षी उंच गवताच्या उरलेल्या बेटांवर गोळा होतात. आमची मोजणी, म्हणजे उभ्या जाळ्यांत पक्षी पकडून ओळखणं, त्या दीड-दोन तासांतच होते.

भरतीचा तक्ता डोळे झाकून मानू नये. त्यात चंद्रसूर्याचा हिशेब असतो, वाऱ्याचा नसतो. वायव्येचा वारा दोन दिवस लागला की पाणी तक्त्यापेक्षा खाली राहतं, बेटं तयार होत नाहीत आणि पक्षी विखुरलेलेच राहतात. अशा दिवसाचा कमी आकडा पक्षी घटल्याचा पुरावा म्हणून वापरला, की सगळी मालिका बिघडते. म्हणून आम्ही प्रत्येक नोंदीत पाण्याची प्रत्यक्ष उंची, वारा आणि किती जाळी किती तास उभी होती ते लिहितो.

भरतीच्या दोन तास आधी सपाट बुडाच्या होडीने पोचायचं. बारा मीटर लांबीची, तीस मिलिमीटर वीण असलेली चार-पाच जाळी बेटाच्या कडेने एका रांगेत लावायची. खांब चिखलात हातभर तरी रुतवायचे. सगळ्यात मोठी चूक तळच्या कप्प्यात होते. पक्षी अडकला की तो कप्पा झोळीसारखा लोंबतो, आणि पाणी तर चढतच असतं. पाण्यापासून वीतभर अंतर राहिलं नाही तर पक्षी बुडून मरतो. शेवटचा अर्धा तास एक माणूस फक्त याच कामाला ठेवतो: पाणी चढेल तसा तळचा कप्पा गुंडाळत जायचा.

मग हाका, म्हणजे पक्ष्यांना जाळ्याकडे हाकलणं. पंचवीस मीटर दोराला खडे भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या बांधून दोघांनी तो गवतावरून जाळ्याकडे सावकाश ओढायचा. घाई केली की पक्षी जाळ्यावरून उडून जातात. बुटांचं म्हणाल तर कालवांच्या शिंपल्यांच्या कडा रबर सहज चिरतात. जाड तळाचेच घ्यावेत. (पकडायला आणि पायात ओळखीची कडी घालायला सरकारी परवाना लागतो, नवख्याने परवानाधारकाच्या हाताखालीच शिकायचं.)

खरी कसोटी पक्षी हातात आल्यावर. एकाच बेटावर तीन भाईबंद असतात. सीसाइड स्पॅरो मोठा, करडा, डोळ्यापुढे पिवळा ठिपका. तो लगेच कळतो. नेल्सन्स स्पॅरो मात्र फसवतो. 1995 पर्यंत तो आणि सॉल्टमार्श एकच जात मानले जात. सॉल्टमार्शच्या छातीवरच्या रेघा काळ्या, टाकाने ओढल्यासारख्या, आणि नारिंगी रंग चेहऱ्यावर उठून दिसतो. नेल्सन्सच्या रेघा पुसट आणि छातीच नारिंगी. शिवाय उत्तरेत दोघांचे संकर होतात. शंका असेल तर 'अनिश्चित' लिहावं. दुर्बिणीतून दिसलेले पक्षी आम्ही जातवार आकड्यात धरतच नाही.

हे सगळं वीसेक ग्रॅमच्या पक्ष्यासाठी, कारण 1998 ते 2012 या काळात त्याची संख्या वर्षाला सुमारे 9 टक्क्यांनी घसरली. चारातले तीन पक्षी गेले. 2011-12 च्या पाहणीत अंदाज सुमारे 60,000 चा होता. घाव हिवाळ्यात बसत नाही, तो बसतो मेन ते व्हर्जिनियाच्या विणीच्या खाजणात. घरटं जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. अंडी घालण्यापासून पिल्लं बाहेर पडेपर्यंत तीन-साडेतीन आठवडे, आणि मोठं उधाण साधारण 28 दिवसांनी परत येतं. समुद्र थोडा चढला की ही फट मिटते.

तिकडे खाजणात साचलेलं पाणी काढायला उथळ, अरुंद चर खणतात, जुने खोल चर तिथल्याच गवताने बुजवतात, काही ठिकाणी गाळाचा पातळ थर पसरून जमीन उचलतात. चर खोल गेला तर खाजण वाळून खचतं, म्हणून वीतभर खोली पुरे. आमच्याकडचं काम वेगळं: उधाणाला पक्षी टेकतात ती काठाची उंच पट्टी राखणं. मोजणीचे नकाशे त्यासाठीच लागतात, कारण त्या पट्टीला लागूनच रस्ता किंवा बांध असतो आणि खाजणाला मागे सरकायला जागा उरत नाही. तिथे पक्षी सापडला की आम्ही संख्येबरोबर बेटापासून बांधापर्यंतचं अंतरही मोजून लिहितो.