ठोका इंजिनाचा की पुलीचा?
जुनी पेट्रोल गाडी. सकाळपासून उभ्या जागी खालून "ठक-ठक, ठक-ठक". पहिल्या गॅरेजवाल्यानं बॉनेटही नीट न उघडता निकाल देऊन टाकला, "कनेक्टिंग रॉडचं, म्हणजे पिस्टनच्या दांड्याचं, बेअरिंग गेलंय, इंजिन उतरवावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून घामच फुटला.

दुपारी आमच्या साताऱ्यातल्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी आधी ऑइल पाहिलं, बरोबर होतं. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली, डॉक्टर छाती तपासतात तसं. त्यानंतर एकेका स्पार्क प्लगची वायर काढून, तेवढा सिलिंडर बंद पाडून बघितला. बेअरिंग गेलेलं असेल, तर त्या सिलिंडरचा जोर बंद झाला की ठोका मऊ पडतो. इथं ढिम्म फरक नाही!

"अहो, बेअरिंग-बिअरिंग काही नाही हो," म्हणत त्यांनी इंजिन बंद केलं, पट्टा काढला आणि क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, पुली हातानं हलवली. चक्क डुगडुगत होती. बोल्ट ढिला, पुलीला दांड्यावर धरून ठेवणारी खाचेतली चावी (धातूची छोटी पट्टी) घासलेली. चावी बदलली, बोल्ट आवळला, आवाज गायब.

मजुरी विचारली तर म्हणाले, "आधी चहा घ्या." तेवढ्यात पहिल्या गॅरेजवाल्याचा फोन, "साहेब, इंजिन कधी उतरवायचं?"