घोडा घेताना आधी गाई दाखवा

सारंगखेड्याच्या यात्रेत सगळ्यात जास्त गर्दी नाचणाऱ्या घोड्याभोवती असते. आपल्याला नागपूरकडच्या रानवाटेवर फिरायला पहिला घोडा घ्यायचाय, तेव्हा तो नकोच. हलगी वाजली की पुढचे पाय उचलायला शिकवलेला घोडा रानवाटेवर ट्रॅक्टरचा भोंगा ऐकूनही तेच करेल.

टीम पेनिंग हा अमेरिका-कॅनडातला खेळ. तीन स्वार, साधारण 30 जनावरं. पुकारलेल्या नंबरची तीनच वेगळी काढून मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या कोंडवाड्यात घालायची, तीही 60 ते 90 सेकंदांत. लोकांना वाटतं वेग लागतो. खरं कसब कळपात हळू शिरण्यात आहे. घोडा उसळला की गाई फुटतात आणि नको ती जनावरं मैदानात आखलेल्या रेषेपलीकडे येतात. रानवाटेलाही हाच स्वभाव लागतो, म्हणून पहिली परीक्षा गाईंचीच.

सकाळी गुरं चरायला निघतात तेव्हा गुराख्याला विचारून घोडा त्यांच्या मागे सैल लगामावर चालवा. आपल्याकडच्या गवळाऊ गाई शिंगाच्या, म्हणून 15-20 फूट अंतर ठेवायचं आणि गाई पळवायच्या नाहीत. बघायचे ते कान. गाय वळली की कान आणि नजर तिच्याकडे वळली, पाय मात्र जागचे हलले नाहीत, तर तो घोडा शिकेल. मान वर ताठ, नाकपुड्या फुगलेल्या, मागचा भाग आडवा सरकतोय, तर तो घेऊ नका. मग थांबवा आणि दोन मिनिटं उभा राहू द्या. कळप पुढे जाताना जो उभा राहत नाही, तो फाटकाशी तुमचा गुडघा घासणार. दोन्ही बाजूंना वळवून बघा. अनेक घोडे उजवीकडे लाकडासारखे असतात.

आणखी एक: ठरल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचा. खोगिराखालचे केस ओले दिसले तर मालकाने आधीच दमवून ठेवलाय.

पहिला घोडा 7 ते 12 वर्षांचा, खस्सी केलेला किंवा घोडी. दात साधारण 5 वर्षांत पूर्ण येतात. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीकडून काळपट खाच उतरू लागते, पंधराव्याला अर्ध्यावर येते. अंदाजच तो, पण ‘सहा वर्षांचा आहे जी’ हे पडताळायला पुरे. अंगावरचे भोवरे आणि पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) याचे जादा पैसे मात्र देऊ नका, त्याने चाल सुधारत नाही.

वजनाचा हिशेब ठेवा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत. 350 किलोच्या मारवाडी घोड्याला 70 किलो, खोगिरासकट. तुम्ही एकटेच 80 किलोचे असाल तर मोठ्या अंगाचा घोडा बघा.

नागपूरच्या उन्हाची चाचणी वेगळी. दहा मिनिटं दुडकी चालवा आणि डाव्या कोपराच्या मागे हात ठेवून ठोके मोजा. विश्रांतीत 28 ते 44 असतात. थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांत 60 च्या खाली यायला हवेत. घोडा धापा टाकतोय पण अंग कोरडं, तर त्याला घामच येत नसेल. असा घोडा मे महिन्यात इथे टिकत नाही, मग भले दिसायला चित्र का असेना.

पशुवैद्याकडून पायाची घडी चाचणी करून घ्या: सांधा मिनिटभर दुमडून धरायचा, सोडताच दुडकी. पहिली एक-दोन पावलं लंगडली तर चालतं, पुढेही लंगडत राहिला तर नाही. वेदनाशामक देऊन लंगडेपणा लपवतात, त्यासाठी रक्त तपासा. ग्लँडर्सची चाचणीही खरेदीआधीच. हा रोग माणसालाही होतो, शंका आली तर घोडा घरी आणायचाच नाही.

सारंगखेड्याहून नागपूर पाचशे किलोमीटरच्या वर. गाडीत मान उंच बांधून आणला तर फुप्फुसात कफ साचून ताप येतो. दर तीन-चार तासांनी थांबवून मान खाली सोडू द्या, पाणी दाखवा. आल्यावर 21 दिवस इतर जनावरांपासून वेगळा, रोज सकाळी ताप बघायचा. 38.5 अंशांच्या वर गेला की डॉक्टर.