बॅलन्स-बिलन्स काही नसतं

मूल, नोकरी आणि घर अशी तिहेरी कसरत करणाऱ्या बाईला लोक हमखास विचारतात, "कसं गं बॅलन्स करतेस सगळं?" आपण पण हसून "होतं कसंतरी" म्हणतो आणि पुढे सटकतो. पण मला आताशा ह्या प्रश्नाचा वैतागच येतो, कारण त्यात असं गृहीत धरलेलं असतं की कुठेतरी एक तराजू आहे आणि दोन्ही पारडी एका लेव्हलला आली की समाधान आपोआप मिळणार. माझ्या बाबतीत तसं होत नाही बुवा. सगळं टाइमटेबलप्रमाणे पार पडलं, ऑफिसचं काम वेळेत, लेकीचा अभ्यास झालेला, कपडे घड्या घालून कपाटात, तरी रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं, आणि ज्या दिवशी घराचा नुसता उकिरडा झालेला असतो त्या दिवशी मन मस्त असतं. ह्याचा हिशोब मला बरेच दिवस लागत नव्हता.

मग एका अभ्यासाबद्दल वाचलं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली तो छापला होता, टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांवर. त्यांना सांगितलं की कालचा आख्खा दिवस तुकड्या-तुकड्यांत आठवा आणि प्रत्येक तुकड्यात तुम्हाला कसं वाटत होतं ते लिहा. तर मुलांकडे बघण्याचा वेळ खुशीच्या यादीत बराच खाली आला, टीव्ही बघणं काय, स्वयंपाक काय, दोन्ही त्याच्या वर. ऑफिसचं काम आणि ऑफिसला जाण्या-येण्याचा प्रवास मात्र त्याच्याही खाली. हे वाचून मला हायसं वाटलं हो! म्हणजे पोरीचे दात घासून घेताना मला स्वर्गीय आनंद होत नाही ह्यात माझं काही बिघडलेलं नाही. पण तेच आईबापांना एकूण आयुष्याबद्दल विचारा, सगळ्यात मोलाचं काय, तर बहुतेकजण पोरांचंच नाव घेतील, आणि तेही खोटं बोलत नसतात. मजा वेगळी आणि समाधान वेगळं, दोन्हींची वेळ पण वेगळी. मजा तिथल्या तिथे कळते, समाधान बऱ्याचदा नंतर उगवतं.

परवाचंच घ्या. लेकीला बुटाची लेस स्वतः बांधायची होती. एक फासा करून बोटात धरला, दुसरा करायला गेली की पहिला सुटतो, जीभ ओठाबाहेर, नाक जवळजवळ गुडघ्याला टेकलेलं, आणि मी हात पुढे केला की "नको ना आई, मी!" माझी मीटिंग तोंडावर. आत जीव नुसता खालीवर. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं ना की कसं वाटतंय, तर मी दहापैकी जेमतेम दोन मार्क दिले असते. शेवटी एकदाची गाठ बसली, वेडीवाकडी, एक फासा भला मोठा लोंबतोय, तशीच ती सगळ्यांना पाय पुढे करून दाखवत फिरली. मीटिंगमध्ये काय ठरलं ते मला आता विचाराल तर मिनिट्स उघडून बघावे लागतील.

म्हणून पोरांबरोबर जास्तीत जास्त वेळ घालवा हा सल्ला मला अर्धवटच वाटतो. वेळ असतो पण डोकं तिथे नसतं. सोफी लरॉय नावाच्या संशोधक बाईंनी २००९ मध्ये हे नीट मांडलंय, एक काम अर्धवट सोडून दुसरं हातात घेतलं की लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो. त्यांचाच पुढचा उपाय मी उचललाय, काम सोडण्याआधी कुठवर आलोय आणि परत बसल्यावर पहिलं काय करायचं एवढं दोन ओळीत लिहून टाकायचं. लॅपटॉप मिटताना मी हे करते आणि खरंच फरक पडतो, निदान डोक्यातली भुणभुण तरी कमी होते. फोन जवळ असेल तर मात्र कशाचाच उपयोग नाही, तो दुसऱ्या खोलीतच पाहिजे.

आता जरा नवरेमंडळींबद्दल. माझा नवरा कामाला मागे सरत नाही, "सांग ना काय करू" असं रोज म्हणतो. पण ते 'सांगणं' हेच तर काम आहे ना राजा! ॲलिसन डॅमिंजर ह्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवरून ह्या डोक्यातल्या कामाचे चार भाग दाखवले. काय लागणार ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि मग ते झालं का ह्यावर नजर ठेवणं. ठरवणं बरंचसं दोघं मिळून करतात, ओळखणं आणि नजर ठेवणं जास्त करून बाईकडे. आमच्याकडे तर अगदी डिट्टो तेच. मग आम्ही कामं वाटायचं सोडलं आणि आख्खी खातीच वाटून घेतली. डॉक्टर आणि लसी हे खातं त्याचं, तारीख लक्षात ठेवण्यापासून फाइल सापडण्यापर्यंत सगळं. शाळा माझी. पहिले काही दिवस विचारायला जीभ नुसती वळवळायची, "अपॉइंटमेंट घेतलीस का?" पण नाही विचारलं. अधूनमधून त्याच्याकडून उशीर होतो, तो स्वतःच फोन करून निस्तरतो.

ह्यातून जो वेळ सुटतो तो लगेच घर आवरण्यात घालवायचा नाही असा माझा हट्ट आहे. मी सध्या चित्रं काढते, भिकार काढते, कुणाला दाखवत नाही, त्यातून काही कमाई नाही की कुणाचं भलं नाही. लेक शेजारी बसून माझ्या कागदाच्या कोपऱ्यात स्वतःचं काहीतरी गिरगिटते आणि वर मलाच सांगते की आई तुझ्या घोड्याला पाच पाय झालेत. मोजले तर खरंच पाच होते. खोडायला गेले तर म्हणाली राहू दे, छान पळेल.